पक्षाघातानंतरची उदासी आणि कुंडीतली मेथी

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की घरात एक हिशेब सुरू होतो. बोटं किती हलतात, पाय किती उचलला जातो, चहाचा कप धरता येतो का, आधाराशिवाय बाथरूमपर्यंत जाता येतं का. भेटायला येणारे नातेवाईकही हेच विचारतात. फिजिओथेरपिस्ट आपल्या नोंदीत हेच लिहितो. या हिशेबातला मनाचा रकाना मात्र बहुतेक घरांत कोराच राहतो. ‘तब्येत सुधारतेय, पण काही करतच नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. व्यायामाला उठा म्हटलं की चिडतात,’ असं घरचे डॉक्टरांना सांगतात, तेही उठता उठता, जाताजाता. सांगण्याचा सूर तक्रारीचा असतो. हे आजाराचं लक्षण असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते, की पक्षाघातातून वाचलेल्या साधारण दर तीन माणसांपैकी एकाला नैराश्य गाठतं. यातला बराचसा भाग पहिल्या वर्षातच दिसतो. आणि नेमकी हीच वेळ महत्त्वाची असते. मेंदू स्वतःला सावरण्याचं, नव्या जोडण्या करण्याचं काम पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक वेगाने करतो. हात-पाय परत मिळवायचे तर याच काळात रोज, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत सराव करावा लागतो. नैराश्य आलेला माणूस नेमका तोच सराव सोडतो. जेवण कमी होतं, झोप बिघडते, गोळ्या चुकतात, रक्तदाब आणि साखर हाताबाहेर जाते. पक्षाघातानंतर नैराश्य आलेल्यांमध्ये अपंगत्व जास्त उरतं आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळतं, ते यामुळेच असावं. तेव्हा ‘मनाचं काय, होईल हळूहळू बरं’ असं म्हणून सोडून द्यावी अशी ही बाब नाही.

या उदासीला उतारा म्हणून गेल्या काही वर्षांत एक अगदी साधी गोष्ट पुढे येत आहे, ती म्हणजे बागकाम. कुंडीत बी पेरणं, रोपाला पाणी घालणं, पिकली पानं खुडणं. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं, की त्याला उपचार म्हणायला संकोच वाटावा. त्यात किती तथ्य आहे आणि किती हौस, हे जरा नीट पाहायला हवं. त्यासाठी आधी ही उदासी येते कुठून ते समजून घेऊ.

धक्का मेंदूला, धक्का मनाला

एका अर्थाने कारण उघड आहे. काल दुकान सांभाळणारा, गाडी चालवणारा, स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाणारा माणूस आज शर्टाचं बटण लावू शकत नाही. कुणीतरी आंघोळ घालतं, कुणीतरी भरवतं. अशा वेळी मन खचणं स्वाभाविकच. पण तेवढंच कारण नाही. पक्षाघातात मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, त्या भागातून मनःस्थिती सांभाळणारे मार्गही जात असतात. म्हणजे दुःख व्हायला कारण आहे आणि ते दुःख पेलणारी यंत्रणाही जखमी आहे, अशी दुहेरी अडचण असते.

मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा झाली तर नैराश्य जास्त येतं, असा एक सिद्धांत बरीच वर्षं मांडला जात होता. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका आढाव्यात तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्याला ठोस आधार मिळाला नाही. थोडक्यात, एमआरआयची फिल्म बघून कुणाला नैराश्य येईल हे सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णाशी बोलावंच लागतं.

आणि बोलणं हीच तर अनेकदा अडचण असते. पक्षाघातात वाचा गेली असेल, शब्द सापडत नसतील, तर ‘मला काही करावंसंच वाटत नाही’ हे वाक्य तो माणूस बोलणार कसं? अशा रुग्णांसाठी घरच्यांनी किंवा परिचारिकेने पाहून भरायच्या वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. त्यात रडणं, टाळणं, अस्वस्थ होणं, झोप अशा दिसणाऱ्या गोष्टी विचारतात. आपल्याकडे त्या फारशा वापरल्या जात नाहीत, पण लक्ष ठेवण्याची कल्पना तर घेता येईल.

उलट बाजूने फसगतही होते. काही रुग्णांना एकदम रडू फुटतं. नातू आला की रडतात, टीव्हीवर लग्नाचा प्रसंग लागला की रडतात, आणि दोन मिनिटांत शांत होतात. घरचे घाबरतात. पण भावनांवरचा मेंदूचा लगाम सैल झाल्यामुळे येणारं हे रडणं म्हणजे नैराश्य असेलच असं नाही. काहींमध्ये दुःख नसतंच, नुसती उदासीनता असते. ना आनंद, ना खेद. काहींना विलक्षण थकवा येतो. पक्षाघातानंतरचा हा थकवा विश्रांतीने जात नाही आणि बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्याला ‘आळस’ हे नाव सहज चिकटतं. हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत, एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे करणं हे डॉक्टरांचं काम आहे. घरच्यांनी दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावं: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न आहे का, आणि पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरलेला नाही का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. जाताजाता नव्हे, बसल्या बसल्या.

गोळी काय करते, काय करत नाही

नैराश्यावर औषधं आहेत आणि ती पक्षाघाताच्या रुग्णांनाही उपयोगी पडतात, यात वाद नाही. वाद वेगळ्या मुद्द्यावर झाला. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या एका चाचणीत असं दिसलं, की फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी लवकर सुरू केली तर हातापायातली ताकदही चांगली सुधारते. जगभर आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर ‘फोकस’ नावाची मोठी चाचणी झाली. सहा महिने गोळी घेऊनही चालणं, हात वापरणं, स्वतःची कामं करणं यांत काहीही फरक पडला नाही. नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण मात्र सुमारे १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं. त्याच वेळी हाड मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाम आणि स्वीडनमधल्या पुढच्या चाचण्यांनीही हेच सांगितलं.

यातून निघालेला धडा असा, की ज्याला नैराश्य आहे त्याला औषध द्यावं, पण ते सरसकट सगळ्यांना वाटू नये. आणि औषध घेणाऱ्यालाही दिवसभर करायला काहीतरी लागतं. गोळी मन थोडं वर उचलेल, पण सकाळी नऊ ते रात्री नऊ या बारा तासांत माणसाने काय करायचं, याचं उत्तर गोळीत नाही. बागकामाचा विचार या रिकाम्या जागेतून पुढे आला.

जुनी कल्पना, नवी तपासणी

अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी १८१२ मध्ये मनोविकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं आहे. इस्पितळात लाकडं फोडणारे, बागेत खणणारे, धुणीभांडी करणारे रुग्ण बरे होताना दिसतात. पण ज्यांची सामाजिक पायरी अशी कामं करण्याच्या वरची मानली जाते, ते मात्र भिंतींच्या आत खितपत पडतात. म्हणजे श्रीमंती त्यांच्या आड येत होती. रश यांनी हे फक्त पाहिलं होतं, मोजलं नव्हतं. पुढे महायुद्धांत जखमी झालेले सैनिक हजारोंच्या संख्येने परतले तेव्हा पाश्चात्त्य देशांतल्या लष्करी रुग्णालयांत बागकामाला पुनर्वसनात जागा मिळाली. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या प्रसिद्ध पुनर्वसन संस्थेत रुग्णांसाठी खास काचेचं हरितगृहच होतं.

मोजण्याचा एक प्रयत्न १९७६ मध्ये झाला, तो पक्षाघातावर नव्हता, पण इथे सांगण्यासारखा आहे. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात दोन मजले निवडले. दोन्ही मजल्यांवर रहिवाशांना एकेक रोप दिलं. एका मजल्यावर सांगितलं, की रोप तुम्ही निवडा आणि त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, की काळजी करू नका, परिचारिका पाणी घालतील. पहिल्या मजल्यावरच्यांना इतर छोटे निर्णयही स्वतः घ्यायला सांगितले होते. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही, जास्त हालचाल करणारे दिसले. रोप दोघांकडेही होतं. फरक होता तो जबाबदारीत.

या प्रयोगाची पुढची गोष्ट बऱ्याचदा रंगवून सांगतात. दीड वर्षाने पहिल्या मजल्यावर मृत्यूही कमी झाल्याचं आढळलं, असं ते पुढचं प्रकरण. पण त्या आकडेमोडीत चूक होती आणि संशोधकांनी तसा खुलासाही केला. दुरुस्तीनंतर तो फरक ठोस म्हणण्याइतका उरला नाही. ‘रोपाने आयुष्य वाढतं’ असा संदेश कुणी मोबाइलवर पाठवला, तर हे लक्षात असू द्यावं.

स्वीडनची बाग

पक्षाघाताच्या रुग्णांवर बागेच्या उपचाराची सर्वांत काटेकोर तपासणी झाली ती दक्षिण स्वीडनमधल्या आलनार्प इथे. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात पुनर्वसनासाठी मुद्दाम रचलेली एक बाग आहे. हरितगृह, भाजीचे वाफे, फळझाडं, आणि नुसतं बसून राहावं असे शांत कोपरेही. पक्षाघात होऊन गेलेल्या १०१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांसोबत दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस या बागेतला कार्यक्रम. सोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, बागकामाचे जाणकार. नंतर वर्षभराहून अधिक काळ पाठपुरावा. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

बागेत जाणारे लोक मनापासून येत राहिले, गळती फारच कमी झाली. त्यांचा थकवा आणि मनःस्थिती सुधारली. पण न जाणाऱ्यांचीही सुधारली! दोन गटांमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक सापडला नाही.

निराश करणारी बातमी वाटते, पण ती जशी आहे तशीच सांगायला हवी. तिचे अर्थ मात्र एकापेक्षा जास्त निघतात. स्वीडनमध्ये नेहमीचे उपचार म्हणजे नियमित थेरपी आणि आजारपणात आर्थिक आधार देणारी व्यवस्था. त्याच्या वर बाग ठेवली, तर ती किती उंची वाढवणार? शिवाय तिथे मुख्यतः थकवा मोजला जात होता आणि सहभागी सगळेच नैराश्याचे रुग्ण नव्हते. ज्याला नैराश्य नाही त्याचं नैराश्य कमी होणार नाही. दुसरीकडे तैवान आणि दक्षिण कोरियातही पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बागकामाचे प्रयोग झाले आहेत. सर्वसाधारण लोकांमध्ये बागकामाने खिन्नता आणि चिंता कमी होते असं दाखवणारे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जपानी आणि ब्रिटिश संशोधकांनी अनुकूल निष्कर्ष मांडला होता. पण असे बरेच अभ्यास छोटे, आणि बागेची आवड असलेलेच लोक त्यात येतात ही अडचण. आजची परिस्थिती एवढीच, की बागकाम हे औषधाची किंवा समुपदेशनाची जागा घेईल असा पुरावा नाही. जोडीला ते सुरक्षित, स्वस्त आणि रुग्णांना मनापासून आवडणारं आहे. आवडणारं, हा शब्द कमी लेखू नये. पुनर्वसनाचं अर्धं घोडं तिथेच अडतं. बॉल दाबण्याचा व्यायाम चार दिवसांत सुटतो.

माती खरंच काय करते?

मातीतल्या एका जिवाणूमुळे मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं, म्हणून माती हाताळली की आनंद होतो, असं समाजमाध्यमांवर वाचायला मिळतं. तो प्रयोग उंदरांवर झाला होता, आणि जिवाणू त्यांना टोचून दिले होते. कुंडीतली माती चिवडण्याशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. त्यापेक्षा साधी, पटणारी कारणं आहेत.

नैराश्याच्या मानसोपचारात एक पद्धत अशी आहे, की मन लागण्याची वाट न बघता आधी छोटी कृती करायची. कृतीमागून मन येतं. ‘बरं वाटलं की करीन’ याच्या उलट. रोप यासाठी उत्तम निमित्त. त्याला रोज पाणी लागतं, माणसाला वाटो न वाटो. मेथीचे दाणे पेरले की तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. आपल्या कृतीचा परिणाम आठवड्याच्या आत डोळ्यांनी दिसतो, आणि हाताला असा परिणाम दाखवायला फिजिओथेरपीत कधी महिने जातात.

दुसरं कारण हाताचं आहे. पक्षाघातानंतर माणूस सगळी कामं चांगल्या हाताने करायला शिकतो आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो. वापर नाही म्हणून मेंदू त्या हाताला विसरत जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याला ‘शिकलेला न-वापर’ म्हटलं. तो मोडायचा तर दुबळ्या हाताला खऱ्या कामात गुंतवावं लागतं. कुंडी स्थिर धरून ठेवणं, माती भुसभुशीत करणं, चिमटीत बी पकडणं, कात्रीने देठ कापणं, यात पकड, चिमूट, मनगट फिरवणं, सगळं येतं. ‘दहा वेळा मूठ उघड-मीट करा’ यापेक्षा ‘ही कोथिंबीर निवडा, आमटीत घालायचीय’ हे शरीरालाही वेगळं कळतं.

तिसरं कारण बहुधा सर्वांत मोठं आहे. पक्षाघाताच्या रुग्णाची दिवसभर सगळे काळजी घेत असतात. पाणी देणारे, कुशीवर वळवणारे, गोळी देणारे. तो फक्त घेणारा उरतो. रोप हा घरातला एकच जीव असा असतो, ज्याला त्याची गरज असते. आणि रोप घाई करत नाही, अडखळत बोललं तरी वाक्य पुरं करून देत नाही, दया दाखवत नाही. वाचा गेलेल्या माणसाला तर बागेत शब्द लागतच नाहीत.

मात्र इथेच घरचे लोक नकळत घोळ घालतात. ‘राहू दे आप्पा, सांडेल, मी घालते पाणी,’ असं सूनबाई प्रेमाने म्हणतात आणि झारी हातातून काढून घेतात. वृद्धाश्रमातला तो दुसरा मजला आपल्या घरात तयार होतो. पाणी सांडू द्यावं, पुसता येतं.

खिडकीच्या ग्रिलमधली बाग

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाग कुठली, हा प्रश्न रास्त आहे. पण या कामाला अंगण लागत नाही. ऊन येणारी खिडकी, टेबल आणि चार पसरट कुंड्या किंवा ट्रे पुरतात. टेबल इतक्या उंचीचं हवं की व्हीलचेअरमधले गुडघे खाली जातील आणि खांदे वर न उचलता हात मातीत पोहोचतील. ट्रे घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं किंवा रबरी मॅट घालावी. खुरप्याचा दांडा बारीक असेल तर त्यावर फोम किंवा जुन्या कापडाची पट्टी जाड गुंडाळावी, म्हणजे दुबळ्या मुठीत बसतो. भरलेली झारी जड होते. त्याऐवजी पाण्याच्या छोट्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली की झालं. सुरुवातीला बाटली अर्धीच भरावी.

पिकं लवकर उगवणारी आणि ओळखीची निवडावीत. मेथी पहिली. तीन-चार आठवड्यांत भाजीपुरती होते, आणि पहिल्या खेपेला मूठभरच निघाली तरी ती त्या दिवशीच्या जेवणात पडलीच पाहिजे. कोथिंबिरीसाठी धणे आधी रगडून दोन फाकांत फोडावे लागतात. हे रगडणं हाच तळहाताचा झकास व्यायाम आहे. पुदिना आणि पानओवा काडीने लागतात, सहसा मरत नाहीत. गवती चहा, तुळस, पुदिना ही वासाची झाडं मुद्दाम ठेवावीत. मोगरा असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी कळ्या खुडण्याचं काम राखून ठेवावं. कळी न दुखावता देठातून तोडायला जे नाजूक बळ लागतं, ते कुठल्याही यंत्रावर शिकवता येत नाही. गजरा ओवण्याला दोन हात लागतात. एका हाताची अडचण असेल तर आज्जीने कळ्या सारख्या लावून द्यायच्या आणि नातीने ओवायचं.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशांसाठी कुंड्या आधी समोर आणि मग थोड्या थोड्या डावीकडे सरकवत न्याव्यात. मान आणि नजर तिकडे वळवायला कारण मिळतं. किती आणि कधी, हे थेरपिस्टला विचारून ठरवावं.

वेळ कमी ठेवावी. सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. थकव्याचा रुग्ण उत्साहात तासभर बसला तर दुसरा दिवस पूर्ण वाया जातो, आणि मग ‘बागकामाने त्रास होतो’ असा निष्कर्ष निघतो.

हा सगळा सल्ला शहरी, पांढरपेशा घरांना धरून आहे, हे कबूल करायला हवं. ज्याने चाळीस वर्षं औत हाकलं, त्या शेतकऱ्याच्या हातात कुणी मेथीची कुंडी दिली तर त्याला तो आधार वाटणार नाही, चेष्टा वाटेल. त्याची जमीन समोर पडलेली दिसते आणि त्याला बांधापर्यंत जाता येत नाही, हेच त्याचं दुःख आहे. त्याला कुंडी देऊ नये, त्याचं कसब मागावं. बियाणं निवडणं, कांद्याची प्रतवारी, कोणत्या वाफ्याला पाणी आधी सोडायचं हे सांगणं, खळ्यावर खुर्ची टाकून बसणं. ‘तात्या, हे बी ठेवू का टाकू?’ हा प्रश्न मुलाने खरोखर उत्तर हवं म्हणून विचारला पाहिजे. लहान मुलासारखं गुंतवून ठेवण्यासाठी विचारलेला प्रश्न ओळखू येतो. आणि ज्याला झाडापेड्यांची मुळीच आवड नाही, त्याच्यावर बाग लादू नये. पत्ते, भजन, हार्मोनियम, दुकानाची वही, काहीही चालेल. तत्त्व तेच.

सावधगिरी

पडणं हा सगळ्यात मोठा धोका. ओल्या बाल्कनीत, कुंड्यांच्या अडचणीत, एक पाय ओढत चालणारा माणूस घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून काम शक्यतो बसून, पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट, आणि जवळ कुणीतरी. खांदा सैल पडलेला असेल तर त्या हाताने काही ओढू-उचलू नये, आणि दुसऱ्यानेही तो हात धरून ओढू नये. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असताना काट्याची जखमही बराच वेळ वाहते. गुलाब आणि निवडुंग टाळलेले बरे. बधिर हाताला कात्री लागली तर कळत नाही, म्हणून काम झाल्यावर हात धुताना डोळ्यांनी तपासावेत.

मधुमेह असेल तर मातीशी संपर्क हातमोजे घालूनच, विशेषतः पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर. ओल्या मातीतल्या एका जिवाणूमुळे होणारा मेलिऑयडोसिस हा गंभीर संसर्ग मधुमेहींना जास्त होतो आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचे रुग्ण आढळतात. अनवाणी तर मुळीच नको. धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावं. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नये. उदासीवर इलाज करताना घरात डेंग्यूचे डास पाळायला नकोत.

एक धोका कुणाच्या लक्षात येत नाही. वॉर्फरिन ही गोळी सुरू असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर यांतलं ‘के’ जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करतं. भाज्या वर्ज्य नाहीत, पण खाण्याचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं हवं. कुंडीत मेथी जोमात आली म्हणून एकदम रोज वाटीभर सुरू केली तर रक्ताची तपासणी बिघडते. डॉक्टरांना सांगून ठेवावं. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलला हे लागू नाही.

आणि मन फारच खोल गेलं असेल, जेवण सुटलं असेल, ‘आता जगून काय करायचं’, ‘तुम्हाला ओझं झालोय’ असं बोलणं येत असेल, तर कुंडी-बिंडी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. सुरू असलेली नैराश्याची गोळी बागकामाने बरं वाटतंय म्हणून परस्पर थांबवू नये.

राहता राहिला एक प्रश्न, जो पहिल्याच महिन्यात येतो. रोप मेलं तर? झाडं मरतातच. जास्त पाणी होतं, मावा पडतो, मेच्या उन्हात एका दुपारीत ट्रे करपतो. निराश माणूस त्यातून लगेच अर्थ काढतो: ‘माझ्या हाताला काही लागतच नाही.’ म्हणून जाणकार थेरपिस्ट कधीच एकच रोप देत नाहीत. एका वेळी तीन-चार कुंड्या, त्याही आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरलेल्या. एक करपली तर दुसरी कोंबात असते आणि तिसरीत पानं खुडायला आलेली असतात. करपलेली घरच्यांनी रात्री गुपचूप बदलून ठेवू नये. ती उपटायची, माती मोकळी करायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा पेरायची, हेही काम त्याच हाताने करायचं असतं. मेथीदाणे स्वयंपाकघरातल्या डब्यात असतातच.